परीक्षेची पद्धत बदलली आणि गावी शेत खरडून गेले. राज्यसेवेची तयारी चालू ठेवावी की थांबवावी?

सीनाकाठ (प्रश्नकर्ता):

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्याचा रहिवासी असून गेली काही वर्षे पुण्यात नवी पेठेत राहून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत आहे. माझे वय ३१ आहे आणि मी खुल्या प्रवर्गातून परीक्षा देतो. पूर्व परीक्षा एकाहून अधिक वेळा उत्तीर्ण झालो, एकदा मुलाखतीपर्यंतही पोहोचलो, परंतु अंतिम यादीत नाव आले नाही.

माझी सगळी तयारी जुन्या मुख्य परीक्षेच्या अनुषंगाने झालेली आहे. त्या ८०० गुणांपैकी भाषेचा १०० गुणांचा एक पेपर सोडला, तर बाकी सर्व वस्तुनिष्ठ होते. २०२५ च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर असे प्रत्येकी २५० गुणांचे सात पेपर, शिवाय मराठी आणि इंग्रजीचे पात्रतेपुरते दोन पेपर आणि २७५ गुणांची मुलाखत, असे तिचे स्वरूप आहे. हा बदल २०२२ मध्येच जाहीर झाला होता. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थ्यांची आंदोलने झाली आणि त्यानंतर अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. मधल्या काळात जुन्या पद्धतीतच निवड होईल, या हिशेबाने मी अभ्यास केला. तसे झाले नाही.

हे सावरत असतानाच सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना नदीचे पाणी शेतात शिरले. काढणीला आलेले सोयाबीन तर गेलेच, पण नदीकडेच्या पट्टीतील वरची काळी माती वाहून जाऊन खाली मुरूम उघडा पडला आहे. विहीर गाळाने भरली, मोटार आणि पाइपलाइन गेली. वडील फोनवर यातील काहीही सांगत नव्हते. धाकट्या भावाने चित्रफीत पाठविली, तेव्हा मला सारे समजले. २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षाही पावसामुळे ९ नोव्हेंबरवर गेली आहे. अभ्यासिकेत बसतो, पण पुस्तक पुढे सरकत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, इतक्या वर्षांनंतर एका नव्या परीक्षेची मुळापासून तयारी करणे योग्य आहे का, की घराला गरज असताना परत जाऊन दुसरे काही करावे? ज्यांचे ध्येय असे मध्येच अडखळले आणि ज्यांनी त्यातून पुढचा मार्ग काढला, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

महसूल विभागातील एक:

आपल्या घरावर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल मनापासून वाईट वाटले. मी सध्या मराठवाड्यात नायब तहसीलदार म्हणून काम करतो आणि गेले काही आठवडे आमचा बहुतेक वेळ पंचनाम्यांमध्येच जात आहे. म्हणून आधी शेताविषयी लिहितो, कारण त्याला मुदत आहे आणि तुमच्या प्रश्नातील सर्वांत तातडीचा भाग मला तोच वाटतो.

पीक गेले आणि जमीन खरडून गेली, ही मदतीच्या दृष्टीने दोन वेगळी नुकसाने आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२५ मध्ये लागू असलेल्या निकषांनुसार ३३ टक्क्यांहून अधिक पीक गेले असेल, तर कोरडवाहू क्षेत्राला हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीला १७,००० रुपये मिळतात. खरडून गेलेल्या जमिनीसाठी मात्र हेक्टरी ४७,००० रुपये आणि त्याशिवाय मनरेगातून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, असे ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये आहे. पंचनाम्यात केवळ 'सोयाबीन बाधित' एवढीच नोंद झाली, तर दुसऱ्या मदतीचा विषयच निघत नाही. तलाठ्यांकडे जाऊन गटनिहाय नोंद पाहा, मुरूम उघडा पडलेल्या पट्टीची छायाचित्रे द्या, वडिलांचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) तयार आहे का ते तपासा. पूर आलेल्या बहुतेक घरांत ही कागदपत्रे करणारा माणूस नसतो. तुमच्या घरात तो आहे, आणि तो सध्या नवी पेठेत बसला आहे.

आता परीक्षेविषयी. राज्यसेवा २०१९ च्या निकालात जून २०२० मध्ये ज्या ४१३ उमेदवारांची निवड झाली, त्यांत मी होतो. निकाल लागला, गावात सत्कारही झाला. पुढे सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि नियुक्त्या थांबल्या. त्या कधी होतील, यादी जशीच्या तशी राहील की बदलेल, हे कोणीही सांगू शकत नव्हते. निवड न झालेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसण्याची वाट तरी मोकळी असते. आमच्यापैकी अनेकांना पुन्हा अभ्यास करावा की नाही, हेच कळत नव्हते, आणि टाळेबंदीमुळे बाहेर दुसरे कामही मिळत नव्हते.

त्या काळात मी गावी एका नातेवाइकांच्या कृषी सेवा केंद्रात हिशेब पाहत होतो. येणारी माणसे रोज 'साहेब, कधी रुजू होणार?' असे विचारत आणि त्याचा फार त्रास होई. परंतु त्याच दुकानात बसून, पीककर्जासाठी सातबारा घेऊन हिंडणाऱ्या शेतकऱ्याला एका चुकलेल्या फेरफारामुळे (जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीमुळे) किती खेटे घालावे लागतात, हे मी जवळून पाहिले. फेरफाराची प्रक्रिया मला परीक्षेमुळे तोंडपाठ होती, पण ती शेतकऱ्याच्या बाजूने कशी दिसते, हे तेथे समजले. आज माझ्यासमोर फेरफाराची तक्रार येते, तेव्हा त्या दिवसांचा मला प्रत्यक्ष उपयोग होतो. म्हणून पुण्याबाहेर घालवलेला काळ वाया जातोच, असे मी मानत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, म्हणजे वयाच्या दृष्टीने तुम्हाला घाई नाही. तुम्ही मुलाखतीपर्यंत गेला आहात, त्यामुळे कुवतीचाही प्रश्न नाही. काही महिने गावी राहून शेत उभे करा आणि परीक्षाही द्या. पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक अशा पदांसाठीची संयुक्त गट-ब परीक्षा अजून वस्तुनिष्ठच आहे.  तुमची जुनी तयारी तेथे जशीच्या तशी उपयोगी पडेल.

---

मांजराकाठ:

वरील प्रतिसादातील शेताविषयीचा भाग अतिशय मोलाचा आहे. परीक्षेविषयी मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांमध्ये ज्यांची निवड झाली तेच अधिक लिहितात.

मी लातूर जिल्ह्यातील असून मीही पुण्यात सदाशिव पेठेत राहून तयारी केली. वर्णनात्मक पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा मी थांबले. भीतीमुळे थांबले, असे अनेकांना वाटले. आजही वाटत असेल. प्रत्यक्षात त्या घोषणेमुळे मला प्रथमच शांतपणे बसून विचार करता आला की, मला नेमके काय हवे आहे. शेतकऱ्यांसाठी काही करायचे, असे मी प्रत्येक नमुना मुलाखतीत सांगत असे. ते काम करण्यासाठी पद हाच एक रस्ता आहे का, हा प्रश्न इतक्या वर्षांत मी स्वतःला विचारलाच नव्हता, कारण परीक्षेच्या वेळापत्रकाने तेवढी उसंतच दिली नव्हती.

आज मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. सध्या सोयाबीनचा हंगाम आहे. पावसात भिजलेला माल घेऊन शेतकरी येतात, आम्ही मापकाने ओलावा पाहतो, आणि तो १२ टक्क्यांच्या वर असला तर हमीभावाच्या खरेदीत अडचण येते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये असूनही ओल्या मालाला व्यापारी त्याहून पुष्कळ कमी भाव देतो. माल कोठे वाळवायचा, किती दिवस थांबवायचा, तोवर घरखर्चाला उचल कोठून द्यायची, असे प्रश्न रोज सोडवावे लागतात. यात दिवा लावलेली गाडी नाही, पण ज्या कामाविषयी मी बोलत असे, ते हेच आहे.

तुम्ही परीक्षा सोडावी, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, 'इतकी वर्षे दिली आहेत' हे पुढे चालू ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. ती वर्षे तुम्ही थांबलात तरी गेली आहेत आणि चालू ठेवले तरी गेली आहेत. वयोमर्यादा ३८ असणे ही सोय आहे खरी, परंतु तिच्यामुळेच अनेक जण निर्णय पुढे ढकलत राहतात, हे मी पाहिले आहे. खोलीचे भाडे, मेस, अभ्यासिका आणि आता उत्तरलेखनाच्या वर्गांचे शुल्क धरून पुण्यातला महिन्याचा खर्च काढा, आणि तो यापुढे कोण सोसणार आहे, हे घरी उघडपणे विचारा. वडील फोनवर नुकसान सांगत नाहीत, याचा अर्थ तुमच्या अभ्यासासाठी ते गप्प राहत आहेत. या गप्प राहण्याची त्यांना मोठी किंमत मोजावी लागत असेल. मुलींच्या बाबतीत घरचे लोक अशी मुदत फार काळ देत नाहीत, म्हणून मला हे बोलणे लवकर करावे लागले. मुलग्यांच्या घरी ते वर्षानुवर्षे होतच नाही.

---

निवृत्त प्राध्यापक:

मी राज्यशास्त्राचा अध्यापक होतो आणि निवृत्तीनंतर उत्तरे तपासून देण्याचे काम करतो. वरील दोन्ही प्रतिसाद प्रामाणिक आहेत. मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. प्रश्नकर्त्यावर दोन बदल एकाच वेळी आले असल्याने ते त्यांना एकच संकट वाटत आहे आणि म्हणून 'सर्व चालू ठेवू की सर्व सोडू' असा प्रश्न तयार झाला आहे. वास्तविक पाहता हे दोन बदल भिन्न प्रकारचे आहेत. पूर अकस्मात आला. त्याला उत्तर द्यायचे ते वाफसा (पेरणीजोगी ओल) येऊन रब्बीची पेरणी होईपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत, आणि ते उत्तर परांड्यातच द्यावे लागेल. परीक्षेची पद्धत तीन वर्षे आधी सांगून बदलली. तिला उत्तर देण्यास अधिक काळ आहे आणि त्यासाठी पुण्यातच असले पाहिजे, असे मुळीच नाही. वडिलांची उलघाल पाहून परीक्षेचा निर्णय घेऊ नये, तसेच कट-ऑफच्या धास्तीने शेताचाही घेऊ नये.

परीक्षा मुळापासून नवी आहे, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत पंचायत राजविषयीची ७३ वी घटनादुरुस्ती कोणत्या दिवशी अमलात आली, असा प्रश्न येई आणि २४ एप्रिल १९९३ हा पर्याय ओळखला की गुण मिळत. आता ग्रामसभेला प्रत्यक्षात किती अधिकार मिळाले, याची चर्चा करा, अशा धर्तीचा प्रश्न येईल. अकराव्या अनुसूचीतील २९ विषय, आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला मिळालेले सामूहिक वनहक्क ही माहिती तुमच्यापाशी आधीच आहे. नसेल तर ती दोन गोष्टींची सवय. या माहितीतून एक भूमिका उभी करून तिच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिता आले पाहिजे, आणि ते वेळेत लिहिता आले पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी १८० मिनिटांत २० उत्तरे लिहावी लागतात, म्हणजे एका उत्तराला सरासरी ९ मिनिटे मिळतात. आपल्याकडील नवी पद्धत त्याच धर्तीवर बेतलेली आहे. माझ्याकडे येणारे, वस्तुनिष्ठ परीक्षेत उत्तम गुण मिळविलेले विद्यार्थी पहिल्या उत्तराची प्रस्तावनाच अर्धे पान लिहितात आणि शेवटची उत्तरे कोरी सोडतात. सलग लेखनामुळे दुसऱ्या पेपरात हात भरून येतो, तो भाग वेगळाच. यावर उपाय एकच, रोज घड्याळ लावून एक उत्तर लिहिणे आणि ते दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घेणे. हे गावात ओसरीवर बसूनही होते.

२०१२ पूर्वी हीच मुख्य परीक्षा वर्णनात्मक होती आणि २०१२ मध्ये वस्तुनिष्ठ पद्धत आली, तेव्हा लेखनात मुरलेल्या विद्यार्थ्यांची अशीच तारांबळ उडाली होती. केंद्रीय परीक्षेतही २०११ मध्ये पूर्व परीक्षेला सी-सॅट हा कल चाचणीचा पेपर आला आणि २०१३ मध्ये दुसरा वैकल्पिक विषय जाऊन नीतिशास्त्राचा पेपर आला. त्या त्या वेळच्या उमेदवारांनी नवी पद्धत आत्मसात केली. ज्यांना ती आवडली नाही, ते अन्य क्षेत्रांत गेले आणि त्यांतील कित्येकांनी तेथे चांगले काम केले आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या पद्धतीतील मानव संसाधन विकासाच्या पेपरासाठी योजनांच्या याद्या पाठ कराव्या लागत. तो पेपर आता स्वतंत्रपणे राहिलेला नाही. त्याऐवजी आपत्ती व्यवस्थापन, शेती, स्थानिक प्रशासन यांविषयी विचार करून लिहावे लागते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा सगळेच वाचतात. परंतु पंचनाम्यात खरडलेल्या जमिनीची नोंद का राहून जाते, मदतीची रक्कम आणि शेतात पुन्हा माती भरण्याचा खर्च यांत किती अंतर असते, मनरेगाच्या कामाची मागणी प्रत्यक्षात कोणी करायची असते, हे ज्याने स्वतःच्या गटात उभे राहून पाहिले आहे, त्याचे उत्तर तपासताना वेगळे दिसते. तुम्ही गावी जाऊन हे काम करणार असाल, तर रोजच्या रोज टिपून ठेवा.

मांजराकाठ यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र मी टाळणार नाही. पद हवे की काम, याचे उत्तर तुम्ही स्वतःच द्यायचे आहे आणि पूर ओसरल्याबरोबर ते देण्याची गरज नाही. नव्या पद्धतीची एक मुख्य परीक्षा पूर्ण तयारीनिशी द्या. तिचे गुण हाती आले की, लेखनाची ही पद्धत तुम्हाला मानवते की नाही, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी कळेल. तो दिवस निर्णयाचा ठरवा आणि घरीही तसेच सांगून ठेवा.

---

सीनाकाठ (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांशी प्रथमच सविस्तर बोललो. मांजराकाठ यांनी लिहिल्याप्रमाणे पुण्याच्या खर्चाचा विषय मीच काढला. सोसायटीचे कर्ज थकले असून मोटारीसाठी उसने पैसे घ्यावे लागले, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

मी या आठवड्यात खोली सोडून गावी जात आहे. नदीकडेची पट्टी यंदा पेरता येणार नाही, पण वरच्या रानात वाफसा आला की ज्वारी आणि हरभरा पेरायचा आहे. ९ नोव्हेंबरची पूर्व परीक्षा देणारच आहे आणि संयुक्त गट-बचा अर्जही भरलेला आहे. वैकल्पिक विषय भूगोल घ्यावा, असे ठरविले आहे. पदवीला तोच विषय होता. रोजचे एक उत्तर लिहून प्राध्यापक महोदयांना येथेच पाठविले, तर चालेल का? पद की काम, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आज नाही. नव्या पद्धतीच्या पहिल्या गुणपत्रिकेपर्यंत तो प्रश्न उघडा ठेवीन, असे घरी सांगितले आहे.

महसूल विभागातील सरांना एक विचारायचे आहे. तलाठी कार्यालयात भावाने चौकशी केली, तेव्हा आमच्या गटात केवळ पिकाची नोंद असल्याचे समजले. जमिनीबरोबर विहिरीची नोंदही वेगळी करून घ्यावी लागेल का?

---

निवृत्त प्राध्यापक:

अवश्य पाठवा. कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवा, टंकलिखित नको. अक्षर आणि लागलेला वेळ दोन्ही मला पाहायचे आहेत.

---

महसूल विभागातील एक:

होय, विहीर ही वेगळी बाब आहे. पॅकेजमध्ये नुकसानग्रस्त विहिरीसाठी प्रति विहीर ३०,००० रुपये आहेत, परंतु सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का, ते आधी पाहा. तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज करा, त्यात गट क्रमांक, खरडलेले क्षेत्र आणि विहीर या तिन्हींचा स्वतंत्र उल्लेख करा, सोबत छायाचित्रे जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गावात इतरांच्याही नोंदी अशाच राहिल्या असतील. त्यांचेही अर्ज लिहून द्या आणि सगळे एकत्र नेऊन द्या, म्हणजे फेरपाहणी एकाच दिवशी लावता येते.